आवडीचे रणगाडे, अंबत्तूरचे लेथ

मराठी कानाला या गावाचे नाव पहिल्यांदा ऐकतानाच आपलेसे वाटते. चेन्नई सेंट्रलहून अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले की पेरंबूर, विल्लिवाक्कम, कोरत्तूर, पट्टरवाक्कम, अंबत्तूर अशी स्टेशने मागे पडतात आणि पुढे येते आवडी. नाव तमिळ आहे, आपल्या 'आवडी'शी त्याचा संबंध नाही. तिथले बरेच लोक सांगतात की 'आर्मर्ड व्हेइकल्स अँड डेपो ऑफ इंडिया' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव झाले. तेही खरे नाही, कारण गाव रणगाड्यांच्या कारखान्यापेक्षा जुने आहे. पण ही दंतकथा इतकी पक्की रुजली आहे की आपल्या गावाला नावसुद्धा कारखान्यानेच दिले, असे गावकरी मनापासून मानतात. ज्या प्रश्नाबद्दल मला लिहायचे आहे, तो या समजुतीतच दडलेला आहे.

माझी मावशी आवडीत बावीस वर्षे राहिली. काका नगरच्या व्हीआरडीईतून तिकडे गेलेले. लष्करी वाहनांच्या संशोधनाची ही संस्था नगरची, तिचीच एक तुकडी रणगाड्यांच्या कामासाठी आवडीत होती, आणि १९७६ मध्ये त्या तुकडीची सीव्हीआरडीई ही स्वतंत्र संस्था झाली. त्यामुळे आवडीच्या क्वार्टर्समध्ये नगरी हेल काढून बोलणारी चार घरे सहज सापडत. शाळेच्या सुट्टीत मी तिथे जायचो. मावशीबरोबर बाजारात गेलो की किराणावाल्याची उधारीची वही मला दिसायची. तिच्यात गिऱ्हाइकाच्या नावाशेजारी त्याचा कारखान्यातला टोकन नंबर लिहिलेला असे. दुकानदार नाव विसरला तरी चालायचे, नंबर चुकवून चालत नसे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाजार फुलायचा, विसाव्या तारखेनंतर ओसरायचा. सगळा बाजार एकाच नाडीवर चालत होता, आणि ती नाडी होती एका फाटकामागे.

एखाद्या प्रदेशाची आर्थिक प्रकृती चांगली आहे की नाही, हे ओळखायचे कसे? आपण सहसा विचारतो की कारखाने किती, पगार किती, दुकाने किती. या हिशेबाने आवडी कधीच गरीब नव्हती. पण मला हा हिशेब अपुरा वाटतो. मी दोन प्रश्न विचारतो. बाहेरून आलेला रुपया गावात किती हातांतून फिरून मग बाहेर जातो? आणि मुख्य गिऱ्हाईक उद्या उठून गेले, तर परवा सकाळी इथल्या शिकलेल्या हाताला काम कोण देईल? दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर ज्या गावाकडे आहे ते गाव तगते. ज्याच्याकडे नाही, ते कितीही भरभराटीत दिसले तरी उसन्या दिवसांवर जगत असते.

आवडीचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. जानेवारी १९५५ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले. अध्यक्ष होते उछरंगराय ढेबर, आणि मद्रास राज्याचे मुख्यमंत्री कामराज. 'समाजवादी धर्तीची समाजरचना' हे ध्येय काँग्रेसने याच अधिवेशनात ठरावाने स्वीकारले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आणि सार्वजनिक क्षेत्राच्या विस्ताराचा सारा डोलारा पुढे त्या ध्येयावर उभा राहिला. सहा वर्षांनी, १९६१ मध्ये, त्याच आवडीत हेवी व्हेइकल्स फॅक्टरीची स्थापना झाली. विकर्स कंपनीच्या आराखड्यावरचा 'विजयंता' इथून १९६५ मध्ये बाहेर पडला. नंतर सोव्हिएत बनावटीचा टी-७२ 'अजेय', मग टी-९० 'भीष्म' आणि आपला स्वतःचा 'अर्जुन'. शेजारीच लष्करी गणवेश शिवणारी ऑर्डनन्स क्लोदिंग फॅक्टरी, नंतर इंजिन फॅक्टरी. ठरावात जे लिहिले गेले ते त्याच मातीत विटा-लोखंडाने उभे राहिले, असे भाग्य फार थोड्या ठरावांच्या वाट्याला आले असेल.

त्या कारखान्याने जे दिले ते कमी लेखायला मी तयार नाही. ज्या घरात कधी कुणाला महिन्याचा पगार ठाऊक नव्हता, त्या घरातला मुलगा फिटर झाला आणि त्याची मुलगी केंद्रीय विद्यालयातून इंजिनिअरिंगला गेली. क्वार्टर्समध्ये जात विचारून घर मिळत नव्हते. गणवेशाच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या कारागिराच्या मागे पेन्शन होती. बाजार चढो की पडो, पगार ठरल्या दिवशी मिळायचा, आणि या खात्रीवर माणसे घर बांधत, मुलांना शिकवत, म्हाताऱ्यांचे औषधपाणी करत. सरकारी कारखान्याला सरसकट पांढरा हत्ती म्हणणाऱ्यांनी या घरांत जाऊन एकदा बसावे.

उणीव वेगळ्या जागी होती. रणगाड्याला गिऱ्हाईक एकच. सेनेने मागणी नोंदवली तर काम, नाही तर शेड मोकळी. अर्जुनची कथा घ्या. प्रकल्पाला मंजुरी १९७४ ची. पहिल्या १२४ रणगाड्यांनंतर आणखी १२४ घ्यायचे २०१० मध्ये ठरले. सुधारित अर्जुनची पक्की मागणी मात्र आली सप्टेंबर २०२१ मध्ये, ११८ रणगाड्यांची, ७,५२३ कोटी रुपयांची. मधली दहा-अकरा वर्षे या कामासाठी तयार केलेल्या हातांनी काय करायचे? वेल्डिंगचे कसब वापरात राहिले तरच राहते. चिलखती पत्रा जोडणारा वेल्डर वर्षानुवर्षे दुसरेच काम करत राहिला, तर त्याच्या हातातले ते कसब त्याच्याबरोबरच निवृत्त होते. पगार चालू राहिला म्हणून बाहेरून काही दिसत नाही. आतून मात्र गाव झिजत असते.

दुसरी उणीव रुपयाच्या वाटेची. चिलखती पोलाद राउरकेल्याहून येते, तोफ कानपूरहून, अर्जुनचे इंजिन जर्मनीहून. रणगाडा आवडीत उभा राहतो, पण त्याच्या किमतीतला मोठा भाग आवडीला न शिवताच पुढे जातो. गावात उरतो तो मुख्यतः पगार, आणि पगारातून चालतो किराणा, सोने, शाळेची फी, घराचा हप्ता. हा पैसा खरा असतो आणि लोकांना लागतोही, पण त्यातून नवा धंदा उभा राहत नाही. धंदा उभा राहतो तो एका कारखान्याने शेजारच्याला 'हा भाग तू करून दे' असे म्हटल्यावर.

ते बघायचे असेल तर लोकलने उलट्या दिशेने निघून पट्टरवाक्कमला उतरावे. अंबत्तूरची औद्योगिक वसाहत इथे आहे. कामराज मुख्यमंत्री आणि आर. व्यंकटरामन उद्योगमंत्री असताना मद्रास राज्याने लहान कारखानदारांसाठी वसाहती उभारायचे धोरण धरले. १९५८ मध्ये गिंडीची वसाहत झाली आणि १९६४ मध्ये अंबत्तूरची. हजार एकरांहून मोठी जागा, आणि तिच्यात हजाराच्या वर लहान-मोठे कारखाने. गेल्या खेपेला मी तिथल्या एका वर्कशॉपमध्ये दोन तास बसलो होतो. पत्र्याच्या छताखाली तीन लेथ, एक मिलिंग मशीन, एक जुने पण चालते सीएनसी. जमिनीवर कूलंटचा दुधाळ ओघळ आणि लोखंडी चिपांचा ढीग. भिंतीला सात ड्रॉइंगे टाचलेली होती, आणि त्यातली कोणतीही दोन एका कंपनीची नव्हती. एक ब्रेकचा भाग, एक पंपाचा शाफ्ट, एक कापडगिरणीच्या यंत्राचा, एक रेल्वेच्या डब्यासाठी. मालक साठीचे होते. त्यांनी कामाची सुरुवात आवडीत अप्रेंटिस म्हणून केली होती. "सार, मोजायला मी तिथे शिकलो," ते म्हणाले. मायक्रोमीटर हातात घेऊन त्यांनी तो माझ्यासमोर धरला. "शंभरावा भाग म्हणजे काय ते तिथे कळलं. पण पोट भरलं ते इथे."

या एका माणसात मला आवडी आणि अंबत्तूर यांचे नाते दिसले. आवडीने शिकवले, अंबत्तूरने त्या शिक्षणाला सात दारे दिली. एक गिऱ्हाईक गेले तर सहा उरतात. ड्रॉइंग बदलते, लेथ तोच राहतो आणि हातही तोच राहतो. अशा गावात मंदी येते, माणसे हवालदिल होतात, काही वर्कशॉपांना कुलूप लागते, तरी सगळा गाव एका दिवशी बसत नाही.

आपल्याकडचे उदाहरण पिंपरीचे. १९५४ मध्ये तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली तेव्हा ती पिंपरीची शान होती. पुढे ती कंपनी आजारी पडली, पगार थकले. एकट्या तिच्यावर पिंपरी उभी असती तर पिंपरीही तिच्याबरोबर अंथरुणाला खिळली असती. तसे झाले नाही, कारण तोपर्यंत आकुर्डीत बजाज होती, टेल्को होती, आणि त्यांच्याहून महत्त्वाचे म्हणजे भोसरी-चिंचवडच्या गाळ्यांत दहा कंपन्यांचे जॉबवर्क करणारे हजारो लहान कारखानदार होते. याउलट गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांत होते. साचेवाल्याचे कसब अव्वल, पण ते विकत घेणारा दुसरा कोणी मुंबईत नव्हता. गिरणी बंद झाल्यावर गिरणीच्या जमिनीला भाव आला, कामगाराच्या हाताला आला नाही. गिरणगावाची खरी शोकांतिका मला या वाक्यात दिसते. आणि उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांनी हे मुंबईचे म्हणून सोडून देऊ नये. ज्या तालुक्यात पीक एक, कारखाना एक आणि बँकही त्याच कारखान्याच्या लोकांची, त्या तालुक्याचे दार एकच आहे. एक गळीत हंगाम बुडाला की ट्रॅक्टरच्या शोरूमपासून वह्या-पुस्तकांच्या दुकानापर्यंत सगळे थंड पडते, हे आपण पाहिले आहे.

इथे कोणी म्हणेल की मग उपाय सोपा आहे, खासगी भांडवल येऊ द्या. आवडीपासून फार दूर नसलेल्या श्रीपेरुंबुदूरने याचे उत्तर दिलेले आहे. नोकियाचा कारखाना तिथे २००६ मध्ये सुरू झाला. हजारो तरुण कामाला लागले, त्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. मोबाइल जोडणीचे ते जगातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक झाले. मग करांचा वाद पेटला, मायक्रोसॉफ्टने नोकियाचा मोबाइलचा धंदा घेताना हा कारखाना बाहेर ठेवला, आणि १ नोव्हेंबर २०१४ ला तो बंद झाला. आठ वर्षांत सारे आटोपले. वीस-बावीस वर्षांच्या मुली हिशेबाचा चेक घेऊन गावी परतल्या. त्यांच्या हातात जे कौशल्य होते ते त्या एका लाइनवरच्या एका हालचालीचे होते. पुढे ती जागा दुसऱ्या कंपनीने घेतली, पण तोवर त्या मुलींची वर्षे निघून गेली होती. मालक सरकारी की खासगी, याने म्हणूनच माझ्या प्रश्नाचा निकाल लागत नाही. दार एकच असेल तर ते कुणाच्याही हाताने बंद होऊ शकते.

१ ऑक्टोबर २०२१ ला आवडीचे कारखाने चालवणारे ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड संपले आणि त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. रणगाड्यांचे कारखाने 'आर्मर्ड व्हेइकल्स निगम'कडे गेले, तिचे मुख्यालय आवडीतच आहे. आपल्या अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखानाही याच कंपनीत आहे. कामगारांनी विरोध केला, संपाची हाक दिली, आणि सरकारने आवश्यक संरक्षण सेवांचा कायदा आणून संपावर बंदी घातली. लोकांच्या पोटाचा प्रश्न त्यांना बोलू न देता सोडवायला निघणे मला मान्य नाही. पण कंपनी झाल्यामुळे एक शक्यता उघडली आहे आणि ती वाया जाता कामा नये. आता आवडीचा कारखाना दुसऱ्याचेही काम घेऊ शकतो, आणि आपले काम शेजाऱ्याला देऊ शकतो. २०२० च्या साथीत गणवेशाच्या कारखान्याने डॉक्टर-नर्सेससाठी अंगभर संरक्षक पोशाख शिवले. तीच मशीन, तेच हात, गिऱ्हाईक वेगळे. जे संकटात जमले ते एरवी का जमू नये?

धोक्याची खूणही समोर आहे. 'जोरावर' हा २५ टनांचा हलका रणगाडा सीव्हीआरडीईने एल अँड टीबरोबर विकसित केला. नमुना तयार झाला तो गुजरातेत हजिऱ्याला. देशाच्या दृष्टीने यात काही गैर नाही. आवडीच्या दृष्टीने मात्र अर्थ सरळ आहे: आराखडा इथे काढला म्हणून काम इथे मिळेलच, ही हमी आता गेली. काम टिकवायचे तर आजूबाजूचे गाळे तितकेच तयार, तितकेच स्वस्त आणि तितकेच अचूक हवेत. अर्जुनच्या ११८ रणगाड्यांची मागणी नोंदवताना सरकारने दोनशेहून अधिक भारतीय पुरवठादारांना काम मिळेल असे सांगितले होते. त्यातले अंबत्तूर-आवडीचे किती, हा प्रश्न स्थानिक लोकप्रतिनिधींनी दर वर्षी विचारायला हवा.

त्या वर्कशॉपच्या मालकांना मी विचारले, संरक्षण खात्याचे काम का घेत नाही? त्यांनी टेबलाचा खण ओढून बिलांची चळत काढली. एका मोठ्या कंपनीकडे माल पोचून पाच महिने झाले होते, पैसे नव्हते. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. "कायदा माझ्या बाजूनं आहे सार," ते म्हणाले, "पण पुढची ऑर्डर त्यांच्या हातात आहे." मधल्या काळात पोलाद आणायला ते व्याजाने पैसे उचलतात, शिवाय दोन भिश्या लावलेल्या. मोठी कंपनी लहान माणसाच्या पैशावर बिनव्याजी धंदा करते आणि लहान माणूस त्या व्याजात स्वतःचे नवे मशीन गमावतो. प्रादेशिक विकासाच्या चर्चांत रस्ते आणि कॉरिडॉर यांवर तास खर्च होतात. माझ्या मते वेळेवर चुकते होणारे बिल हा त्याहून मोठा विकास आहे. २०१८ मध्ये तमिळनाडूसाठी संरक्षण कॉरिडॉर जाहीर झाला, त्यात चेन्नईचे नाव आहे. कॉरिडॉरचे यश ४५ व्या दिवशी किती बिले भागली यावर मोजावे.

गावाच्या तिजोरीचेही असेच. राज्यघटनेच्या कलम २८५ नुसार केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्याला किंवा नगरपालिकेला कर लावता येत नाही, फार तर सेवाशुल्क मागता येते. आवडीत सर्वांत मोठ्या जमिनी लष्कराच्या आणि कारखान्यांच्या. २०११ च्या जनगणनेत आवडीची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या जवळ होती, २०१९ मध्ये महानगरपालिका झाली. गटारे, कचरा, दिवे, रस्ते यांचा भार तिने उचलायचा, आणि सर्वांत मोठा शेजारी घरपट्टीच्या यादीत नाही. कारखाने कंपन्यांकडे गेल्यानंतर हा हिशेब नव्याने मांडला गेला पाहिजे. देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ इथल्या वाचकांना यातले दुखणे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि पाणी. या भागात तळ्यांना एरी म्हणतात. एक भरले की सांडवा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, अशी साखळी जुन्या लोकांनी बांधलेली. आपल्या भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिलेत त्यांना ही अक्कल ओळखीची वाटेल. घरे आणि कारखाने वाढले तशी ही साखळी तुटली. जून २०१९ मध्ये चेन्नईचे जलाशय कोरडे पडले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचाँग' वादळाच्या पावसात अंबत्तूरची वसाहत पाण्याखाली गेली. लेथ पुसून पुन्हा चालवता येतो. सीएनसीचा कंट्रोलर आणि पाण्यात बुडालेली मोटर यांची भरपाई मात्र लहान मालकाने कुठून करायची? सात गिऱ्हाइके सात ठिकाणची असली तरी पाणी एकच आहे, आणि पुरात सातही ड्रॉइंगे एकाच वेळी भिजतात. आवडीतले परुत्तिपट्टूचे तळे सांडपाण्यातून सोडवून २०१९ मध्ये त्याच्या काठी उद्यान केले गेले. मी तिथे संध्याकाळी बसलो होतो. निवृत्त फिटर, त्यांच्या सुना, नातवंडे, आणि पाण्यावर पक्षी. हे तळे म्हणजे निव्वळ शोभा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ते कारखान्याच्या विम्याचा हप्ता समजावे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पट्टाभिरामला २१ मजली टायडेल पार्क उघडले. संगणकाचे काम आवडीच्या उंबऱ्याशी आले ही चांगलीच गोष्ट आहे, एक दार वाढले. फिटरच्या नातीला आता कामासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर दोन तास प्रवास करून जावे लागणार नाही. फक्त जुनी दारे बंद करून नवी उघडायची, अशी अदलाबदल कोणी करू नये.

महाराष्ट्रात ऑर्डनन्सचे दहा कारखाने आहेत: खडकीत दोन, अंबरनाथला दोन, देहूरोड, भुसावळ, वरणगाव, भंडारा, भद्रावती आणि नागपूरचे अंबाझरी. यातल्या कुठल्याही गावात तुम्ही राहत असाल, तर पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला रस्त्याआधी एवढे विचारा: या कारखान्याचे किती काम आपल्या तालुक्यातल्या गाळ्यांत होते, त्यांची बिले किती दिवसांत भागतात, आणि इथून बाहेर पडणाऱ्या अप्रेंटिसला फाटकाबाहेर काम देणारे दुसरे कोण आहे? उत्तर येईपर्यंत त्याला दारातच उभे ठेवा.